तीन प्रयोगशाळा, एक पोस्टर : विषशास्त्र परिषदेसाठी शाखेने केलेल्या कामाच्या नोंदी

२ ऑगस्ट

शाखेच्या बैठकीत एकदाचं ठरलं. यंदा पर्यावरण विषशास्त्राच्या परिषदेला नुसतं ऐकायला जायचं नाही, शाखेच्या नावाने काहीतरी काम घेऊन जायचं. आतापर्यंत ज्याला त्याची संस्था पाठवेल तो जायचा, आल्यावर गटावर चार फोटो टाकायचा आणि विषय तिथेच संपायचा. शाखा म्हणून हाती काही लागत नव्हतं.

आमच्या शाखेचं बळ तिच्या मिश्र सभासदांत आहे. विद्यापीठातले लोक आहेत, उद्योगांच्या प्रयोगशाळांतले आहेत, सरकारी तपासणी प्रयोगशाळेतलेही आहेत. या विषयातली सेटॅक ही संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. शिक्षणसंस्था, उद्योग आणि शासन या तिघांना कारभारात समान जागा, हे तिचं तत्त्व. तेच तत्त्व कामातही उतरवायचं असा विचार पुढे आला : तीन क्षेत्रांतल्या तीन प्रयोगशाळांनी एकच चाचणी करायची आणि निकाल शेजारी शेजारी मांडायचे.

चाचणी डॅफ्निया मॅग्नाची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका बारीक कवचधारी जिवाची, पदार्थ तांबं. डॅफ्निया तिन्ही ठिकाणी पाळलेला आहे. तांबं निवडलं कारण त्याची विषारकता पाण्याच्या गुणधर्मांप्रमाणे बदलते. प्रयोगशाळांमधले फरक त्यात उघडे पडणार, आणि आम्हाला तेच पाहायचं होतं. पोस्टरवर प्रयोगशाळांची नावं नसतील, फक्त क, ख आणि ग. ही अट सगळ्यांनी आधीच मान्य केली, म्हणून पुढची अवघड बोलणी सोपी गेली.

१९ ऑगस्ट

कार्यपद्धतीचा कागद तयार केला. आधार ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या मार्गदर्शिका क्र. २०२ चा : २४ तासांपेक्षा लहान पिल्लं, ४८ तासांची चाचणी, प्रत्येक तीव्रतेला किमान २० पिल्लं, शक्यतो ५-५ चे चार गट, दर पिल्लामागे किमान २ मिलिलिटर द्रावण. चाचणी चालू असताना खाणं द्यायचं नाही. भांडं हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही ते अचल धरायचं. पहिल्या वेताची पिल्लं घ्यायची नाहीत.

कंट्रोलमध्ये, म्हणजे चाचणीचा पदार्थ न घातलेल्या भांड्यांत, १० टक्क्यांपर्यंत अचलता चालते. म्हणजे २० पैकी २. तिसरं पिल्लू थांबलं की अख्खी चाचणी बाद. हे वाक्य कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत टाकलं. वाचायला साधं वाटतं, पण पुढच्या सगळ्या महिन्यांचं वेळापत्रक त्यानेच ठरवलं.

विरलनाच्या पाण्याबद्दल, म्हणजे पदार्थ ज्यात मिसळून पातळ करतात त्या पाण्याबद्दल, कागदात लिहिलं होतं : 'प्रत्येकाने आपलं नेहमीचं पाणी वापरावं.' हे वाक्य लक्षात ठेवा.

७ सप्टेंबर

सरावाची पहिली फेरी, तांबं न घालता. तिन्हीकडे फक्त कंट्रोल.

ख मध्ये पिल्लं तरंगायला लागली. ती मेलेली नव्हती. डॅफ्नियाचं कवच पाणी धरत नाही. पिपेटमधून सोडताना पिल्लाला हवा लागली की ते पृष्ठभागाला चिकटतं आणि काही केल्या खाली जात नाही. भिंगातून पाहिलं तर पिल्लू आडवं पडलेलं, स्पर्शिका वल्ह्यासारख्या मारतंय, आणि कवचाच्या एका कडेला चंदेरी बुडबुडा. मोजणारा त्याला अचल धरणार, कारण ते पोहत नाही. प्रत्यक्षात त्याला काहीही झालेलं नाही.

उपाय दोन. पिपेटचं तोंड रुंद हवं (काचेची नळी कापून कड आचेवर गुळगुळीत करून घेतली), आणि पिल्लू सोडताना ते तोंड पाण्याच्या आत बुडवायचं. वरून थेंब टाकायचा नाही. जे तरीही तरंगलं त्याच्यावर त्याच भांड्यातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा, बहुतेक वेळा ते सुटून खाली जातं. हे सगळं चाचणी सुरू करतानाच करायचं. ४८ तासांनी मोजायच्या वेळी करून उपयोग नाही, तोवर पिल्लू खरंच थकलेलं असतं.

ग मध्ये अडचण वेगळी होती. पाळीव साठ्यातल्या माद्यांच्या पाठीवर गडद, खोगिरासारखे कोश दिसू लागले. ती एफिपिया, म्हणजे ताणाच्या काळात टाकली जाणारी टिकाऊ अंडी. गर्दी, उपासमार, प्रकाशाच्या तासांतला बदल यांपैकी काहीतरी बिघडलं की ती येतात. अशा साठ्यातली पिल्लं चाचणीला चालत नाहीत. भांड्यांतली गर्दी कमी केली, शैवालाचं खाणं नियमित केलं, प्रकाश १६ तास आणि अंधार ८ तास असा घड्याळाने बांधून घेतला. नवा साठा उभा राहीपर्यंत ग थांबलं, आणि त्याच्यासाठी बाकीचे दोघेही थांबले. वेळापत्रकात साठा बिघडण्यासाठी जागा ठेवलेलीच नव्हती. असं काम करणाऱ्याने ती ठेवावी. नव्या पिल्लांची मादी वाढून दुसऱ्या-तिसऱ्या वेतापर्यंत पोचायला आठवडे जातात, त्यात घाई चालत नाही.

२६ सप्टेंबर

संदर्भ पदार्थाची फेरी : पोटॅशियम डायक्रोमेट. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेच्या ६३४१ क्रमांकाच्या मानकानुसार डॅफ्निया मॅग्नासाठी २४ तासांचा ईसी५० म्हणजे निम्मी पिल्लं अचल करणारी तीव्रता ०.६ ते २.१ मिलिग्रॅम प्रति लिटर यांच्या दरम्यान यायला हवी. आली तर तुमचे प्राणी आणि तुमचा हात दोन्ही ठीक.

क आणि ग आत बसले. ख चा आकडा खूप खाली. दोन दिवस फोनवर फोन : साठा नाजूक झालाय का, भांड्यांत साबण राहतोय का, नवीन रबरी नळीतून काही उतरतंय का. ख मधल्या मॅडमनी भांडी आम्लात पुन्हा धुतली, नळी बदलली, मग चाचणी पुन्हा लावली. आकडा जवळपास तोच.

कारण शेवटी तक्त्याच्या मथळ्यात सापडलं. ख ने निकाल क्रोमियम म्हणून लिहिला होता, बाकी दोघांनी डायक्रोमेट मीठ म्हणून. मिठाच्या वजनात क्रोमियम सुमारे ३५ टक्के. म्हणजे १.२ मिलिग्रॅम डायक्रोमेट आणि ०.४२ मिलिग्रॅम क्रोमियम ही एकच गोष्ट. ख चा आकडा मिठात बदलला आणि तो मर्यादेत बरोबर बसला.

ख मध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. तरी धुणं, नळी आणि एक पूर्ण फेरी गेली. तक्त्याचा नमुना त्याच संध्याकाळी बदलला : आता दर स्तंभाच्या डोक्यावर 'कशाचे मिलिग्रॅम' ते लिहिल्याशिवाय फाइल स्वीकारत नाही. तांब्यात तर हा घोळ नक्कीच झाला असता, कारण आपण तोलतो ते कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट आणि त्यात तांबं जेमतेम २५.५ टक्के.

१५ ऑक्टोबर

तांब्याची पहिली खरी फेरी. कंट्रोल तिन्हीकडे उत्तम, विरघळलेला प्राणवायू ३ मिलिग्रॅमच्या बराच वर, तापमान २० अंशांच्या आसपास स्थिर. कागदावर तिन्ही चाचण्या वैध.

क आणि ख चे ईसी५० एकमेकांना धरून. ग चा मात्र कितीतरी पट वर. ज्या तीव्रतेला क मध्ये एकही पिल्लू हलत नव्हतं, तिथे ग ची पिल्लं खुशाल पोहत होती. हा फरक एककाचा नव्हता, तक्ता आता नीट होता. प्राण्यांचाही नव्हता, कारण डायक्रोमेटला तेच प्राणी बाकीच्यांसारखेच वागले होते.

ग ने आपलं 'नेहमीचं पाणी' काय ते कळवलं तेव्हा उलगडा झाला : एलेंट एम४. क आणि ख आयएसओचं चार क्षारांचं पाणी वापरतात, म्हणजे कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट, सोडियम बायकार्बोनेट आणि पोटॅशियम क्लोराइड. एम४ हे डॅफ्निया वाढवण्यासाठीचं समृद्ध माध्यम. त्यात सूक्ष्म धातू आहेत, जीवनसत्त्वं आहेत आणि ईडीटीए आहे. ईडीटीए धातू धरून ठेवतं, त्याचं कामच ते. लिटरमागे २.५ मिलिग्रॅम डायसोडियम ईडीटीए म्हणजे सुमारे ६.७ मायक्रोमोल. तितकंच तांबं धरलं तर कागदावर ४०० मायक्रोग्रॅमहून अधिक तांबं बांधलं जाऊ शकतं. काही ईडीटीए माध्यमातल्या लोहाने आधीच अडवलेलं असतं, तरी उरलेलंही पुष्कळ. पिल्लांपर्यंत पोचून अपाय करतं ते मुख्यतः मोकळं तांबं, आणि ग च्या बीकरमध्ये ते फारच थोडं होतं.

मार्गदर्शिका २०२ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय : धातूंच्या चाचणीला एम४, एम७ सारखी धातू धरणारी द्रव्यं असलेली माध्यमं टाळावीत. आमच्या कागदातल्या 'नेहमीच्या पाण्या'ने ती सूचना झाकून टाकली. ग ने कागदाप्रमाणेच केलं होतं.

मला ही गोष्ट सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची वाटते. तिन्ही चाचण्या वैधतेच्या प्रत्येक निकषाला उतरल्या होत्या. कंट्रोल ठीक, प्राणवायू ठीक, पीएच ठीक. फक्त ग चा अहवाल कुणाच्या हाती पडला असता तर त्याने 'हे पाणी सुरक्षित' असा अर्थ काढला असता, आणि त्याला चूक म्हणायला त्या अहवालात एकही ओळ नव्हती. विरलनाच्या पाण्याचं नाव अहवालाच्या पहिल्या पानावर, आकड्याच्या शेजारी असायला हवं.

३० ऑक्टोबर

गोषवारा पाठवायची मुदत डोक्यावर. शाखेत दोन मतं. एक : ग चे आकडे गाळा, दोन प्रयोगशाळांची जुळणी दाखवा, पोस्टर देखणं होईल. दुसरं : तिन्ही दाखवा. तिसराही एक उपाय पुढे आला, तिघांची सरासरी. तो ताबडतोब बाजूला ठेवला. एम४ आणि आयएसओ पाण्यातल्या ईसी५० ची सरासरी कुठल्याच पाण्याचं वर्णन करत नाही.

मी दुसऱ्या बाजूने होतो आणि ठामपणे होतो. जुळलेले दोन आकडे ही काही बातमी नाही. वैध चाचणीतून दिशाभूल करणारा आकडा कसा बाहेर येतो, हे परिषदेला येणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या कामाचं आहे. पण निर्णय ग चा होता. तिथल्या प्रमुख सरांना मी फोन केला. म्हटलं, 'सर, तुमच्या संमतीशिवाय ते टाकणार नाही.' ते म्हणाले, 'राहू द्या पोस्टरवर. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायला उपयोगी पडेल. फक्त आयएसओ पाण्यात पुन्हा करून तोही आकडा शेजारी टाका.'

गोषवाऱ्याचं शीर्षक त्या रात्रीच बदललं. निकालाचे जे आकडे अजून आलेले नव्हते ते लिहिले नाहीत, 'पुनर्चाचणी चालू आहे' एवढंच लिहिलं. गोषवाऱ्यात आशेवर आकडे टाकणारे पुढे पोस्टरपाशी अडचणीत येतात.

२१ नोव्हेंबर

ग ची पुनर्चाचणी आयएसओ पाण्यात. कंट्रोल बाद, २० पैकी दोनहून जास्त पिल्लं थांबली.

कारण लवकर कळलं. माद्या एम४ मध्ये वाढलेल्या. पिल्लं गोळा करून थेट आयएसओ पाण्यात टाकली. चाचणी सुरू होण्याआधी माद्या किमान ४८ तास चाचणीच्याच पाण्यात आणि तापमानात ठेवायला हव्यात. समृद्ध माध्यमातून साध्या चार क्षारांच्या पाण्यात एकदम आणलं की पिल्लांना झटका बसतो आणि तांब्याआधीच ती ढेपाळतात.

फेरी गेली, तांब्याची द्रावणं ओतून द्यावी लागली (नाल्यात नाही, धातूंच्या टाकाऊ द्रावणांच्या कॅनमध्ये). ग ने माद्यांचा एक वेगळा गट कायमचा आयएसओ पाण्यात हलवला.

१२ डिसेंबर

ग चा आयएसओ पाण्यातला निकाल आला, क आणि ख च्या रांगेत. काम झालं.

क ची दुसरी फेरी मात्र कमी उपयोगी ठरली. तिथे तीव्रता दहापटीच्या अंतराने ठेवल्या होत्या, त्यामुळे एका तीव्रतेला शून्य अचलता आणि पुढच्याच तीव्रतेला शंभर टक्के. मधलं काही नाही, त्यामुळे वक्र बसवायला बिंदूच नाहीत. ईसी५० 'या दोहोंच्या मध्ये कुठेतरी' एवढंच सांगता येतं. दहापटीचं अंतर पूर्वचाचणीला ठीक. मुख्य चाचणीत दोन लागोपाठच्या तीव्रतांमधलं गुणोत्तर शक्यतो २.२ पेक्षा जास्त नको. क ने २ च्या गुणोत्तराने फेरी पुन्हा केली, मग अर्धवट अचलता असलेले बिंदू मिळाले.

विश्लेषण 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या डीआरसी पॅकेजमध्ये केलं, तिन्हींसाठी एकच आज्ञावली. प्रत्येकाने आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये केलं असतं तर फरक पाण्याचा की गणिताचा, हा नवा वाद उभा राहिला असता.

१८ जानेवारी

पैशाचा विषय. शाखेच्या निधीतून सगळ्यांचा खर्च निघणार नव्हता. नियम असा केला : निधी फक्त विद्यार्थ्यांना, आणि त्यातही ज्यांनी प्रत्यक्ष बीकर मोजले त्यांना आधी. नोकरीतल्यांनी आपापल्या संस्थेकडून घ्यावं. उद्योगातल्या एका सभासदाने पोस्टरच्या छपाईचा खर्च देऊ केला. घेतला, आणि पोस्टरच्या तळाशी तसं लिहिलं. निकालात त्यांचा हितसंबंध असो वा नसो, पैसा कुठून आला हे वाचकाला दिसलं पाहिजे.

सवलतीच्या नोंदणीची मुदत एका विद्यार्थिनीची चुकली, कारण संस्थेचं परवानगीपत्र वेळेत आलं नाही. फरकाची रक्कम शाखेने भरली. पुढच्या वेळी परवानगीपत्राचा अर्ज गोषवाऱ्यासोबतच करायचा, स्वीकृतीची वाट पाहायची नाही.

९ फेब्रुवारी

पोस्टर. पहिला मसुदा आडवा केला होता, पोस्टर लावायचे फलक उभे असणार होते. संयोजकांच्या सूचनेत एका ओळीत लिहिलेलं, ते वाचायचं राहिलं आणि मांडणी पुन्हा करण्यात एक पूर्ण शनिवार गेला. ए० उभं म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर.

मसुद्यात मजकूर फार होता. चाचणीची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, ती एका छोट्या चौकटीत आणली. मध्यभागी एकच आकृती : चार वक्र, क, ख, ग-एम४, ग-आयएसओ. रेषा लाल-हिरव्या होत्या. तो फरक न दिसणारे लोक असतात, म्हणून त्या निळ्या आणि केशरी केल्या आणि बिंदूंचे आकारही वेगळे ठेवले. कंट्रोलचा तक्ता काढून टाकावा असं दोघांचं म्हणणं होतं. तो मी राखला, बाद झालेल्या फेऱ्यांसकट. खाली क्यूआर कोड, त्यामागे प्रत्येक बीकरचा कच्चा आकडा.

छपाई कापडावर. घडी घालून पिशवीत बसतं, प्रवासात नळकांडं सांभाळावं लागत नाही. घड्या इस्त्री न करताही ताणल्यावर जातात.

४ मार्च

पोस्टरचं सत्र. आळीपाळीने तिघे उभे होतो, दर क्षेत्रातला एक. सगळ्यात जास्त थांबले ते तपासणी प्रयोगशाळांतले लोक, आणि बहुतेकांचं बोट आधी कंट्रोलच्या तक्त्यावर गेलं. एम४ च्या वक्रापाशी उभ्या एका बाईंनी त्यांच्याकडेही याच माध्यमात जस्ताची चाचणी चालू असल्याचं सांगितलं आणि तिथूनच आपल्या प्रयोगशाळेत फोन लावला.

दोन प्रश्न अडवणारे होते. पहिला : आकडे नाममात्र (द्रावण बनवताना हिशेबाने धरलेले) की मोजलेले? तांबं भांड्याच्या भिंतीला चिकटतं. मोजलेली तीव्रता नाममात्र तीव्रतेच्या २० टक्क्यांच्या आत टिकली तरच नाममात्र आकडा वापरावा. ख ने सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तीव्रता सुरुवातीला आणि शेवटी मोजल्या होत्या. क आणि ग ने फक्त सुरुवातीला. त्यामुळे क आणि ग चे आकडे पोस्टरवर 'नाममात्र' म्हणूनच होते, आणि तसं लिहिलेलं असल्यामुळे उत्तर देता आलं.

दुसरा : बायोटिक लिगँड मॉडेल चालवलं का? यात कॅल्शियम, हायड्रोजन यांसारखे आयन जिवाच्या पृष्ठभागावर तांब्याशी स्पर्धा करतात आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन तांबं बांधून ठेवतो, हे सगळं हिशेबात धरून विषारकता काढतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या तांब्याचा २००७ चा निकष याच मॉडेलवर बसवला. आमच्याकडे पीएच, तापमान आणि कठीणपणा होता. क्षारता आणि सेंद्रिय कार्बन मोजलेला नव्हता, आणि नमुने ओतून दिलेले. चाचणी संपल्यावर प्रत्येक फेरीतलं थोडं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून राखलं असतं तर हे काम परत येऊन करता आलं असतं. आता करायचं तर सगळं पुन्हा.

संध्याकाळी शाखेचे सगळे एकत्र बसलो. कोण कुठल्या सत्राला गेला, काय उपयोगी वाटलं, ते प्रत्येकाने पाच ओळींत लिहून सामायिक फाइलमध्ये टाकायचं आधीच ठरवलं होतं. ज्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं त्यांच्या नोंदी कामाच्या आहेत, नंतर लिहिणाऱ्यांच्या फारच मोघम.

२० मार्च

कच्चे आकडे, 'आर' ची आज्ञावली आणि सुधारलेला कार्यपद्धतीचा कागद सामायिक फाइलमध्ये. कागदात तीन बदल : विरलनाचं पाणी आयएसओचं, दुसरं चालणार नाही. माद्या ४८ तास आधी त्याच पाण्यात. प्रत्येक फेरीनंतर गाळलेलं पाणी थंडीत राखायचं, सेंद्रिय कार्बन आणि क्षारतेसाठी.

ख मध्ये आता क्षारता मोजायची सोय झाली आहे. पुढची फेरी जस्ताची, आणि चौथी प्रयोगशाळा घ हिने पोस्टर पाहूनच येण्याची तयारी दाखवलीय. त्यांना पहिला प्रश्न गेला आहे : तुमचं नेहमीचं पाणी कोणतं?